नव्याची हाव आणि हातातले साधन



आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर हल्ली एक वाक्य फार ऐकू येते : 'काळाप्रमाणे बदलायला हवे.' भजनी मंडळाच्या बैठकीत ते ऐकू येते, सप्ताहाची वर्गणी ठरवताना ऐकू येते, बंदरात होड्या शाकारलेल्या असतात तिथेही ऐकू येते. बोलणाऱ्याच्या खिशात बहुधा एखाद्या दुकानाचे कोटेशन असते. नवा मिक्सर, नवे स्पीकर, नटबोल्टचा पखवाज, वीणेच्या जागी सूर देणारी पेटी, पोथीच्या जागी मोबाइल. याला नको म्हणणारा माणूस म्हातारा ठरतो. म्हातारे ठरायला कोणालाच आवडत नाही, म्हणून सगळे माना डोलावतात आणि वर्गणी दुप्पट होते.

मी आज त्या वाक्याशी भांडायला बसलो आहे. वाक्य वाईट आहे म्हणून नव्हे. ते अर्धेच आहे म्हणून. काय बदलायचे, कशासाठी बदलायचे आणि बदलल्यावर हातातून काय सुटते, हे पुढचे अर्धे कोणी बोलतच नाही.

आपल्या मराठीत हातातल्या अवजाराला साधन म्हणतात आणि परमार्थाच्या अभ्यासालाही साधनच म्हणतात. हा शब्दांचा खेळ नाही. ज्यांनी ही भाषा घडवली, त्यांना कुंभाराचे चाक आणि देवाचे नाम यांत काही एक सारखेपणा दिसला असणार. दोन्ही रोज हाताळावी लागतात. दोन्ही पहिल्या दिवशी वश होत नाहीत. आणि दोन्ही एकदा अंगात मुरली की मग त्यांच्याकडे लक्ष द्यावे लागत नाही, लक्ष मोकळे होते. ते मोकळे झालेले लक्षच तर विठोबाला द्यायचे असते.

संतांची घरे आठवा. अरणला सावतोबांचे खुरपे आणि मोट. तेरला गोरोबाकाकांचे चाक आणि थापटणे. नरहरी सोनारांची हातोडी, सेना महाराजांचा वस्तरा, नामदेवरायांच्या घरची शिंप्याची सुई, जनाबाईचे जाते. या सगळ्यांच्या वाणीत त्यांच्या धंद्याची अवजारे आली आहेत, आणि ती इतकी सहज आली आहेत की अवजार कुठे संपते आणि भक्ती कुठे सुरू होते ते कळत नाही. हे का झाले? तेच जाते, तोच खुंटा, तीच घरघर वर्षानुवर्षे कानावर पडून जनाबाईचे हात आपोआप फिरत होते, म्हणून तिचे मन दुसरीकडे जाऊ शकले. एकाही संतचरित्रात मला नवे थापटणे आणल्याची कथा सापडलेली नाही. उलट गोरोबाकाकांनी तेच मडकी थापायचे जुने थापटणे घेऊन संतमंडळींच्या डोक्यावर वाजवले आणि कोण कच्चे, कोण पक्के ते सांगितले. त्या परीक्षेत नामदेवराय कच्चे निघाले आणि पुढे विसोबा खेचरांकडे गेले, ही कथा आपण शंभर वेळा ऐकली. त्यात एक गोष्ट ऐकायची राहून जाते. ज्या हाताने जन्मभर मडकी थापली, त्याच हाताला आवाजावरून कच्चे-पक्के कळते. थापटणे दर तीन वर्षांनी बदलणाऱ्या हाताला ते कळले नसते.

आता पखवाजाचे घ्या. डाव्या पुडीला ओली कणीक लावायची, बोटांनी चेपत चेपत हवा तो घुमारा येईपर्यंत वाढवायची, आणि भजन संपले की खरवडून काढायची. उजव्या पुडीवर शाई. तिचा स्वर गठ्ठ्यांवर हातोडी मारून चढवायचा किंवा उतरवायचा. आमच्या किनाऱ्यावर हे काम घाटावरच्यापेक्षा कठीण. खाऱ्या दमट हवेत कातडे मऊ पडते. आषाढात तर संध्याकाळी मिळवलेला पखवाज रात्रीच्या जागरापर्यंत उतरलेला असतो. तेव्हा जो तरुण म्हणतो की नटबोल्टचा घेऊ, पान्याने दोन वेढे दिले की काम झाले, त्याला मी मूर्ख म्हणणार नाही. वाद्या आवळून देणारा कारागीर आता तालुक्याच्या गावातही सहज मिळत नाही. ज्यांच्याकडे कोणीच येत नाही त्यांनी जरूर नटबोल्टचा घ्यावा.

पण माझा प्रश्न पुढचा आहे. देवळाच्या खुंटीला चांगल्या लाकडाचा, तीन पिढ्यांचे हात लागलेला पखवाज टांगलेला असताना तो 'जुना झाला' म्हणून माळ्यावर टाकायचा, हे कुठले शहाणपण? तो फुटला नाही, त्याला कीड लागली नाही. त्याची पुडी बदलली तर तो आणखी तीस वर्षे बोलेल. पुडी बदलायला जो खर्च येतो त्याच्या कितीतरी पट नवा पखवाज पडतो. हा हिशेब बैठकीत मांडला की लोक गप्प होतात, आणि पुढच्या महिन्यात नवा पखवाज येतो. कारण शेजारच्या गावाने घेतलेला असतो. ही निवड नाही, ही चुरस आहे. आणि चुरशीत विठोबा कुठे बसतो ते मला माहीत नाही.

कणीक मळणारा मुलगा दुसरे काहीतरी शिकत असतो. किती पाणी, किती चेपायचे, आज हवा कशी आहे, गायकाचा गळा आज कुठल्या पट्टीत बसेल, हे तो कानाने आणि बोटांनी ओळखायला शिकतो. त्याला कोणी धडा देत नाही. भजनाआधीच्या त्या दहा मिनिटांत तो धडा आपोआप होतो. पान्याचे दोन वेढे दिले की ती दहा मिनिटे वाचतात. वाचलेल्या दहा मिनिटांत तो मोबाइल बघतो. मग मला सांगा, नफा कुठे झाला?

पखवाजावर मी तडजोड करीन. वीणेवर करणार नाही.

सप्ताह म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकाला सांगायला नको. सात दिवस, सात रात्री, म्हणजे १६८ तास वीणा खाली ठेवायची नाही. एकाने दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, नमस्कार करायचा, आणि पहारा बदलायचा. तासाला दोन माणसे धरली तर ३३६ पाळ्या होतात. गाव लहान असेल तर प्रत्येक घराच्या वाट्याला दोन-तीन पाळ्या येतात. कोळीवाड्यातला माणूस पहाटे भरतीला होडी काढायची म्हणून रात्री अकराची पाळी मागतो, आगरातला माणूस झाडांना पाणी लावून तीनला येतो, ज्याचे कोणाशी पटत नाही त्याच्याही गळ्यात त्याच माणसाच्या हातून वीणा येते ज्याच्याशी त्याचे पटत नाही. सप्ताहाचे खरे काम ते. कीर्तने बाहेरून येतात, पण पहारा गावालाच द्यावा लागतो.

आता काही ठिकाणी मी काय पाहिले? रात्री अकरा ते पहाटे चार या वेळेत नामाचे ध्वनिमुद्रण लावून ठेवलेले. स्पीकर चालू, वीणा खुंटीला, मंडपात दोन कुत्री आणि एक झोपलेला इलेक्ट्रिशियन. विचारले तर उत्तर तयार : 'मुलगे मुंबईला, पनवेलला, कारखान्यांत कामाला. माणसे मिळत नाहीत. नामात तर खंड पडत नाही ना?'

माउली, खंड पडला. नाम चालू होते, पण नाम घेणारा कोणी नव्हता. यंत्राने घेतलेले नाम कोणाच्या खात्यावर मांडायचे? यंत्राला जीभ नाही, झोप नाही, म्हणून त्याला झोप मोडावी लागत नाही. आणि पहाऱ्याचे पुण्य, पुण्य म्हणा की काहीही म्हणा, ते त्या मोडलेल्या झोपेतच होते. माणसे मिळत नसतील तर सप्ताह तीन दिवसांचा करा. रात्रीचा पहारा बंद ठेवून पहाटे काकड्याला पुन्हा वीणा घ्या. ते खोटे नाही. रिकाम्या मंडपात वाजणारा स्पीकर मात्र खोटा आहे, आणि त्याच्यासाठी वर्गणी काढणे तर त्याहून वाईट.

'जुने धरून बसणारे' म्हणून जे आमची थट्टा करतात त्यांना मी ३ जून २०२० ची आठवण देतो. निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी आमच्याच किनाऱ्यावर चढले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, अलिबाग, नारळी-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, कौले उडाली, खांब मोडले. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. त्याच वर्षी करोनामुळे पायी वारी झाली नाही. पालख्या एसटीच्या गाड्यांतून पंढरपुरास गेल्या. आषाढी १ जुलैला होती. घरात अंधार, माथ्यावर ताडपत्री, आणि वारी नाही. त्या एकादशीला आमच्याकडे जे भजन झाले त्यात मिक्सर नव्हता, पेटी नव्हती, मोबाइलमधली गाथा तर उघडतच नव्हती. टाळ होते, कणकेचा पखवाज होता, आणि ज्यांना पाठ होते त्यांचे गळे होते. ज्यांनी गेली दहा वर्षे पडद्यावर बघूनच म्हटले होते, ते तरुण त्या रात्री टाळ धरून म्हाताऱ्यांच्या तोंडाकडे बघत बसले. त्यांना दोष देत नाही. त्यांच्या हातातून पाठांतर आम्हीच काढून घेतले, 'मोबाइलमध्ये आहे की सगळे' असे म्हणून.

जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली तेव्हा छापलेल्या पोथ्या मिळत होत्या. तरी तिथे पाठांतराला पहिले स्थान राहिले ते काही कागदाची टंचाई होती म्हणून नव्हे. कागदावरचे फक्त दिसते. पाठ असलेले अवेळी, अंधारात, हॉस्पिटलच्या खाटेवर, खवळलेल्या दर्यात आपणहून वर येते.

आता कोणी म्हणेल, आणि म्हणणारे चांगले वाचलेले असतात : 'बुवा, तुम्ही ज्या छापील गाथेचे कौतुक करता ती तरी कुठे जुनी? तीही एके काळी नवीच होती.' बरोबर आहे. तुकोबांच्या हातची वही आणि नंतर वारकऱ्यांच्या घराघरांतल्या हस्तलिखित वह्या, हे जुने साधन होते. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ आणि १८७३ साली गाथेचे दोन भाग काढले, तेव्हा काही जुन्या मंडळींनी नाके मुरडली असतील. मी त्या वेळी असतो तर मुरडली नसती. कारण छापील गाथेने ज्याच्या घरी वही नव्हती त्याच्या घरी गाथा नेली. आणि एकदा नेली ती तिथेच राहिली. माझ्याकडची प्रत आजोबांनी घेतलेली आहे. तिची पाने पिवळी झाली, शिवण दोनदा घालावी लागली, पण तिने मला कधी असे सांगितले नाही की आता माझी नवी आवृत्ती घे, नाहीतर उद्यापासून मी उघडणार नाही.

फरक इथे आहे. काही नवी साधने येतात आणि पुढची शंभर वर्षे जुनी व्हायला तयार असतात. काही नवी साधने मुळात टिकायलाच केलेली नसतात. मोबाइल चार वर्षांत थकतो, थकला नाही तर कंपनी त्याला थकवते. त्यातली गाथेची सोय ज्या कोणी केली तो पुढे ती सांभाळील की नाही याचा भरवसा नाही. आणि 'पहिले ते हरि' अशा वेळी वर बँकेच्या कर्जाची जाहिरात येऊन बसते. वाचायचा चष्मा लागलेल्या माणसाला मोबाइलवर अक्षर मोठे करता येते, हे मी मान्य करतो. त्याने जरूर करावे. पण मंडळाच्या वर्गणीतून गाथेच्या प्रती न घेता पडदा घ्यायचा, याला माझा विरोध आहे.

आता समुद्राकडे वळतो. इथे काही वाचक म्हणतील, माळकऱ्याने मासेमारीवर का लिहावे? आमच्या किनाऱ्यावर बापाच्या गळ्यात तुळशीची माळ आणि मुलाच्या हातात जाळ्याची दोरी हे एकाच घरातले दृश्य आहे, म्हणून. साजगावच्या बोंबल्या विठोबाच्या कार्तिकातल्या जत्रेत सुक्या बोंबलांचा बाजार भरतो. नाव कशावरून पडले याच्या दोन कथा आहेत, बोंबलांची एक आणि मिरच्या विकायला आलेल्या तुकोबांना लोकांनी बुडवले तेव्हा देवाने मारलेल्या बोंबेची दुसरी. कोणतीही धरा, आमच्या मुलखात विठोबा आणि बोंबील शेजारी राहतात. खायचे की नाही हा ज्याच्या त्याच्या माळेचा प्रश्न. पण ज्या कोळी बांधवाच्या वर्गणीवर सप्ताह होतो, त्याच्या संसाराचे काय चालले आहे ते पाहायला कुठलीही माळ आड येत नाही.

आणि 'काळाप्रमाणे बदला' हे वाक्य शेवटी कुठे नेते, ते समुद्रावर जितके स्वच्छ दिसते तितके कुठेच दिसत नाही.

डोल जाळे आमच्या बाजूचे जुने साधन. समुद्रात खुंट रोवायचे, त्यांना पिशवीसारखे जाळे बांधायचे, आणि भरती-ओहोटीच्या ओढीने जे वाहत येईल ते घ्यायचे. बोंबील, जवळा, करंदी. उधाणाला जास्त, भांगाला कमी. या जाळ्याला थांबणे ठाऊक होते, कारण ते माशामागे पळत नव्हते. पूर्वी जाळी सुताची, तागाची असत. ती कुजू नयेत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढत. मग नायलॉन आले. चांगले झाले, बायकामाणसांचे आणि म्हाताऱ्यांचे कष्ट वाचले. शिडाच्या होडीला इंजिन आले. तेही चांगले झाले; वादळाची चाहूल लागली की माणूस वेळेत घरी येऊ लागला. १९५०च्या दशकात केरळात कोल्लमजवळ नॉर्वेच्या मदतीने यांत्रिक होड्यांचा प्रकल्प उभा राहिला, तेव्हापासून सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर हे वारे वाहत आहे. बिनतारी संदेश, हवामानाचा इशारा, जॅकेट, जागा दाखवणारे यंत्र, यांतल्या एकालाही मी नको म्हणत नाही. ज्या घरातला माणूस दर्यात गेला आणि आला नाही त्या घरासमोर उभे राहून जुन्याचे गोडवे गायची माझी हिंमत नाही.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. एका सिलिंडरचे इंजिन होते, दोनचे आले, मग सहाचे. तळ खरवडणारे ट्रॉलर आले. थव्याला वेढा घालून खालून आवळणारे पर्ससीन आले. मासा कुठे आहे ते पडद्यावर दाखवणारे यंत्र आले. शेवटी होडीवर जनरेटर ठेवून रात्री पाण्यात एलईडीचा झगझगाट करायचा, आणि उजेडाला भुलून आलेले लहानमोठे सगळे एकदम उचलायचे, इथवर मजल गेली. प्रत्येक पायरीवर काय झाले ते पाहा. जो पहिला नवे घेतो त्याचा एक हंगाम सोन्याचा जातो. ते पाहून दुसरा कर्ज काढतो, तिसरा बायकोचे दागिने ठेवतो. तीन वर्षांत सगळ्यांकडे तेच साधन. मासा तेवढाच, किंबहुना कमी. डिझेल मात्र दुप्पट. मग पुढचे नवे साधन. या फेऱ्यात ज्याला पुरे म्हणायचे आहे त्यालाही पुरे म्हणता येत नाही, कारण शेजाऱ्याच्या उजेडाने त्याच्या डोलीतला मासा ओढून नेलेला असतो. नवे घेणे ही मग कोणाची निवड राहत नाही. ती सक्ती होते, आणि तिलाच आपण प्रगती म्हणतो.

सरकारला शेवटी साधनच काढून घ्यावे लागले. राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर निर्बंध आणले. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडीच्या मासेमारीवर बंदी घातली. १९८१ चा राज्याचा कायदा २०२१ मध्ये सुधारून दंड लाखांवर नेला. तरी रात्री किनाऱ्यावरून पाहिले तर दूर दिवे दिसतात, हे आमच्या बंदरातला कोणताही पोरगा सांगेल. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०१९ साली महाराष्ट्रात उतरलेली मासळी मोजली ती सुमारे २ लाख टन. ४५ वर्षांतली सर्वांत कमी. त्या वर्षी क्यार आणि महा ही वादळे आली होती, होड्या पुष्कळ दिवस किनाऱ्याला होत्या, हेही खरे. सगळा दोष दिव्यांचा नाही. पण दर्यात मासा उरला असता तर एका वर्षाच्या वादळाने इतके हाल झाले नसते, असे जुने तांडेल म्हणतात, आणि मला ते पटते.

हे फक्त आपल्याकडे होते असे नाही. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर कॉड नावाचा मासा सुमारे पाचशे वर्षे लोकांनी बहुतेक गळाने आणि साध्या जाळ्यांनी धरला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे कारखान्यासारखी जहाजे आली. १९६८ साली ८ लाख टनांच्या आसपास मासा काढला. एवढा आजवर कधीच निघाला नव्हता, सगळे खूश. २ जुलै १९९२ रोजी सरकारला ती मासेमारीच बंद करावी लागली. सुमारे ३० हजार माणसे एका दिवसात बेकार झाली. बंदी दोन वर्षांची म्हणून घातली होती; ती उठायला २०२४ साल उजाडले. पाचशे वर्षे जुन्या साधनांनी जे संपले नाही ते नव्या साधनांनी चाळीस वर्षांत संपवले.

आपल्याकडे थांबायची रीत होती, आणि ती कायद्याच्या आधीची होती. आज १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ती सरकारी आदेशाने. पण कोळी तर पिढ्यान्‌पिढ्या पावसाळ्यात होडी वर ओढून नारळी पौर्णिमेपर्यंत दर्याला हात लावत नव्हता. मासा तेव्हा अंड्यावर असतो. त्याच दिवसांत आषाढी येते. शेतकऱ्याला आवणीमुळे आषाढात गाव सोडवत नाही, तो कार्तिकात आळंदीला जातो. कोळी मात्र आषाढात मोकळा. होडी शाकारली, जाळी शिवायला काढली, आणि गळ्यात टाळ अडकवून माणूस पंढरीला निघाला. देवशयनीला चातुर्मास लागतो तो दर्यालाही लागत असे. वर्षातून दोन महिने साधन खाली ठेवणारा माणूस त्या साधनाचा मालक असतो. बारा महिने ज्याला हप्त्यासाठी बाहेर जावेच लागते, त्याचे मालक कोण ते सांगायला हवे का?

अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचे थोडक्यात सांगतो. त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आणि आता त्याच्या वेण्या महाग विकल्या जातात. तो कांदा टिकला कारण काही घरांनी आपले बी आपणच धरून ठेवले. दरसाल दुकानातून येणाऱ्या नव्या बियाण्याच्या मोहात ती पडली नाहीत. त्या घरांनाही लोक म्हातारी म्हणत होते.

वारीकडे पाहा, म्हणजे माझे म्हणणे पटेल. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमारास पालखी सुरू केली. पुढे हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली. दिंड्यांचे क्रम, अश्व, चोपदार, सगळे. तेही त्या काळी नवेच होते आणि टिकले. त्यानंतर आगगाडी आली, मोटार आली, एसटी आली. आता पालखी मार्ग काँक्रीटचा चौपदरी होतो आहे. आळंदीहून पंढरपूर मोटारीने काही तासांवर आहे. तरी लाखो माणसे तेच अंतर दोन-अडीच आठवडे पायी चालतात, आणि रथाला बैलजोडीच असते. मार्गावर पाण्याचे टँकर आले, फिरते दवाखाने आले, शौचालये आली. वारकऱ्यांनी ती आनंदाने घेतली. चालणे मात्र कोणी बदलले नाही. कोणी उठून असे म्हटले नाही की पाय हे जुने साधन झाले. जिथे पोहोचणे हेच सर्व काही असते तिथे गाडीने जावे. वारी चालण्यासाठीच आहे, हे अडाणी म्हणवणाऱ्या माणसालाही न शिकवता कळते. मग तोच माणूस गावी परतल्यावर वीणेच्या बाबतीत हे का विसरतो?

भजनात सिनेमाच्या चाली शिरल्या त्याबद्दल मी इथे लिहीत नाही. तो राग वेगळा आहे आणि जागा थोडी आहे.

आता कामाचे बोलतो. यंदाच्या सप्ताहासाठी आमच्या मंडळाने ठराव केला आहे, आणि वाद होऊन केला आहे, एकमताने नाही. नवा मिक्सर घ्यायचा नाही. आहे तो चालतो. कीर्तनाला मागच्या बायकांपर्यंत आवाज गेला की पुरे, खाडीपलीकडच्या गावाला ऐकू जायची गरज नाही. देवळातल्या पखवाजाची डावी पुडी बदलून घ्यायची. घाटावरच्या एका कारागिराला निरोप धाडला आहे. उरलेल्या पैशांतून गाथेच्या आणि हरिपाठाच्या मोठ्या अक्षराच्या प्रती घ्यायच्या, आणि शाळेतली जी मुले हरिपाठ पाठ म्हणतील त्यांना त्या द्यायच्या. रात्री ध्वनिमुद्रण लावायचे नाही. माणूस नसेल तर वीणा देवापुढे ठेवून मंडपाचा दिवा मालवायचा आणि पहाटे पुन्हा उचलायची.

पाळ्यांची वही देवळात ठेवली आहे. पहिल्या दिवशी फक्त म्हाताऱ्यांची नावे पडली. नंतर मुंबईहून सुट्टी काढून येणाऱ्या दोघा मुलांनी फोनवरून नावे लिहायला सांगितली. कोळीवाड्याने, होड्या बाहेर असतील तरी, सहा पाळ्या उचलल्या. एका सासू-सुनेने मिळून पहाटे चारचा तास घेतला. त्यावर कुरकुर झाली, पण ज्यांनी कुरकुर केली त्यांनी तो तास स्वतः घेतला नाही, म्हणून नाव राहिले. माझे नाव तिसऱ्या रात्री एक ते दोनला आहे. त्याच रात्रीचा दोन ते तीन अजून मोकळा आहे.